मंगळावर पाणी होते

३० जुलै १९६५, शुक्र.
पेपरात मंगळाचे फोटो. अमेरिकेच्या यानाने काढलेले. नुसते खड्डे. हे चहा पिता पिता म्हणाले, "कालवे नाहीत, पाणी नाही. इतकी वर्षं वर्गात पोरांना भलतंच सांगितलं मी." पेपर रद्दीत जायच्या आधी तेवढे कापून पोथीत ठेवले.

३ ऑगस्ट, मंगळ.
माणगावहून मुलाच्या आईचे पत्र. आमची शालू पसंत. पण तिला मंगळ, म्हणून आधी कुंभविवाह हवा. पाण्याने भरलेल्या घटाशी लग्न लावायचे, तो नवरा बुडवायचा, मग त्यांच्या मुलाशी. शालू म्हणाली, "म्हणजे विधवा होऊनच बोहल्यावर चढू?" हसली. पण जेवली नाही. उपास माझा होता, तिचा नव्हे.

५ ऑगस्ट
पत्रिका बघणारे गुरुजी आले. "वहिनी, मंगळ कोरडा, तापट. आता तर पेपरातही आलं, थेंब नाही."
म्हटले, "आज नाही. पूर्वी होतं."
"तुम्ही बघून आलात वाटतं?"
"हो, रेवदंड्याहून आगबोटीनं!"
मंगळ धरणीचा मुलगा, हे गुरुजीच शिकवतात. आईच्या घरी सात समुद्र आणि लेक जन्माचा कोरडा?

८ ऑगस्ट, रवि.
वाडीत माडाच्या रोपासाठी ह्यांनी खड्डा घेतला. कमरेइतक्या खोलीवर शिंपलेच शिंपले. चौलचे बंदर होते म्हणतात ते इथेच कुठेतरी. गलबते लागत. आता डास. वरून कुणी फोटो काढला तर काय दिसेल? माड. म्हणून समुद्र नव्हताच?
ह्यांनी एक शिंपला धुऊन पोथीवर ठेवला.

१० ऑगस्ट, मंगळ.
माणगावला कार्ड टाकले. उघडेच, पोस्टमनने वाचले तरी वाचो. लिहिले: कुंभविवाह होणार नाही. शालू जन्मल्यापासून मी मंगळाचा उपास धरते आहे, त्या देवाला मी ओळखते. तो तिचे वाईट करायचा नाही. भीती तुम्हाला वाटत असेल तर तसे लिहावे, ग्रहावर ढकलू नये.
हे म्हणाले, "माझी सही?" म्हटले, माझी पुरे.
शालूला वाचून दाखवले. "आई, मोडलं तर?" डोक्याला तेल लावून दिले.

१८ ऑगस्ट
माणगावचे कार्ड. दोनच ओळी. "रविवारी मुलाला घेऊन येतो. घटाचे समक्ष बोलू."
बोलू की. हे खड्डा बुजवायला निघाले होते, फावडे काढून घेतले. रोप थांबेल आठवडाभर. आधी विहीणबाईंना त्या खड्ड्याशी नेऊन उभे करणार.