दुधाच्या साखरेची रेघ

बेंगळूर,
८ जुलै १९८६

ती. भावकूअण्णांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. लावणीला मी नाही म्हणून वहिनी रुसली असेल. तिला सांग, इथे मीही चिखलातच उभी आहे.

नक्की करतेस काय, असं तू विचारलंस. लाळ-खुरकतीच्या विषाणूचं एक प्रथिन आहे. ते टोचलं तर जनावराला रोग न होता प्रतिकारशक्ती यावी, अशी आशा आहे. त्या प्रथिनाचा जनुक आम्ही साध्या जिवाणूंमध्ये घातला आहे. पण जिवाणू आपणहून कामाला लागत नाहीत. त्यांना एक रसायन द्यावं लागतं. त्याला प्रेरक म्हणतात. आमची परदेशी प्रेरकाची बाटली संपली आणि नवी मद्रासच्या कस्टममध्ये अडकली. सर म्हणाले, दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तेच काम करते, ती वापर.

वापरते आहे. जिवाणू माजल्यासारखे वाढतात आणि प्रथिन करत नाहीत. जेलच्या पातळ, पारदर्शक थरावर प्रथिनं वेगळी करून निळ्या रंगात बुडवली की प्रत्येकाची एक रेघ उठते. आपली जिथे उठायला हवी, तिथे कोरं.

ऑगस्टमध्ये तज्ज्ञांची समिती येईल. तोवर रेघ दिसली नाही तर काम दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जाईल, असं सरांनी शांतपणे सांगितलं. पाखऱ्या बैल खुरकतीनं बसला तो पुन्हा औताला उभा राहिला नाही, तेव्हापासून मला हेच काम हवं होतं. दुसरं नको. आईला यातलं सांगू नकोस.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
जया


उचगाव,
१७ जुलै

चि. जया हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परत परत वाचलं. कळलं तेवढं कळलं. तुझे ते जिवाणू म्हणजे आपला शेजारचा जोतिबाच की गं. खाणं लई, काम न्हाय.

आई दोनदा विचारून गेली, पोरीचं काय अडलंय. मी म्हटलं, तिकडं थंडी लई हाय.

लावण चालू आहे. पैऱ्याला माणसं आलीत. आज ती आपल्याकडं, उद्या आपण त्यांच्याकडं. आईचं तुला ठाऊक आहे. पैऱ्याला आलेल्याला पोटभर न्याहारी झाल्याबिगर चिखलात पाय घालू देत नाही. औंदा भाकरी, झुणका आणि वर तुपातला शिरा. मंडळी बांधावर बसली ती हलेनात. जोतिबा म्हणाला, रोपं दमल्यात, जरा बसू द्या त्यांना. मी ओरडून ओरडून घसा बसवला. शिऱ्याचं पातेलं रिकामं झालं तेव्हा उठले, आणि मग सगळं शेत लावून टाकलं.

खचू नकोस. वेळ आलीच तर मी येतो आणि तुझ्या सरांशी कन्नडमध्ये बोलतो. माझं कन्नड ऐकलं की माणूस काहीही कबूल करतो.

आमचा जीव तुझ्यात आहे, हे ध्यानात ठेव.

तुझा,
अण्णा


बेंगळूर,
३ ऑगस्ट

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

रेघ उठली.

तुझं पत्र खानावळीत वाचत होते. जोतिबाचं आणि शिऱ्याच्या पातेल्याचं वाचून हसले आणि हातातला घास तसाच राहिला. जिवाणू जोमानं वाढावेत म्हणून मी त्यांना पहिल्यापासून ग्लुकोज घालत आले. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या घरात उपाशी कुणाला कामाला लावत नाहीत, तोच हात. परदेशी प्रेरकाला त्यानं काही फरक पडत नव्हता, तो कसाही आत शिरतो. पण समोर ग्लुकोज असेतो जिवाणू दुधाच्या साखरेला दार उघडत नाहीत. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत, अण्णा!

मग एका चंबूत ग्लुकोज नेहमीइतकं घातलं, दुसऱ्यात अगदी थोडं, वाढीपुरतं, लवकर संपून जाईल असं. दोन्हींत लॅक्टोज. पहिल्यात कोरं. दुसऱ्यात रेघ, डेअरीच्या मारुतीरावांच्या मिशीएवढी जाड.

तेवढ्यात मद्रासहून बाटली सुटून आली. सर म्हणाले, दोन्ही शेजारीशेजारी लावून दाखव. लावलं. दुधाच्या साखरेची रेघ परदेशी प्रेरकाच्या रेघेपेक्षा तसूभरही कमी नाही. परवा समिती आली, तिच्यातले एक गृहस्थ जेल खिडकीशी धरून बराच वेळ बघत होते. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं. सरांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, काम हिचं आहे, हिच्याकडेच राहील. आता साऱ्या प्रयोगशाळेला ही पद्धत मीच शिकवायची आहे. शोधनिबंधावर पहिलं नाव माझं.

लस अजून लांब आहे. गावात कबूल करून बसू नकोस.

आईला आता सगळं सांग. तिची माया अशीच राहू दे, फक्त माझ्या जिवाणूंपासून दूर.

तुझी,
जया


उचगाव,
१२ ऑगस्ट

चि. जया हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र डेअरीवर उभ्यानं वाचून दाखवलं. लोक दूध घालायचं विसरले. सेक्रेटरी मारुतीरावांनी इंजेक्शन कधी येणार म्हणून विचारलं. अजून वेळ हाय, मी म्हटलं, पण येणार ते आमच्या जयाच्या हातनं. मग त्यांनी मिशीला हात लावून बघितला. जोतिबा तर सांगत सुटलाय की शोध त्याच्यामुळं लागला. शिऱ्यातला वाटा मागतोय.

आईला चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. पोटभर घातलं की तुझे जिवाणू काम करत नाहीत, हे तिला पटलं नाही. असली माणसं आपल्यात न्हाईत म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला शिरा आणखी वाढवला.

मग समितीचं सांगितलं. रेघ उठली नसती तर काम दुसऱ्याला देणार होते, हेही सांगितलं. वहिनीनं डोळ्याला पदर लावला. आईनं भाकरी उलटली. म्हणाली, द्यायचं होतं म्हणावं. देऊन बघायचं होतं.

इकडचा लोभ तुझ्यावर आहेच. तुझाही इकडं असू दे.

तुझा,
अण्णा