दार लाव की

३ नोव्हेंबर
आज सगळं बदललं. शूटिंग रेंजवर सहज डोकावलो. सुकन्या पिस्तूल धरून उभी होती. मागं न बघताच म्हणाली, "दार लाव की." न बघता ओळखलं! आतून लावायचं की बाहेरून, ते बोलली नाही. आतून लावलं. लगेच क्लासला नाव घातलं.

५ नोव्हेंबर
संकल्प. राग बंद. कॉलेजचा विषय बंद. (सेकंड इयर मी सोडलं. आई म्हणते, कॉलेजनं काढलं. तपशिलाचा फरक.) जिल्ह्याच्या टीममध्ये सिलेक्शन. टीम बसनं जाते. बसमध्ये सीट दोघांची असते.

६ नोव्हेंबर
शेजारच्या लेनमधला अमरेश म्हणाला, "काय बे, टार्गेट तिकडं हाय, तू कुटं बघतोस?" कॉलर धरली. आबासाहेब सरांनी आठवडाभर पिस्तूल बंद केलं. बरंच झालं. बघायला वेळ मिळतो.

१२ नोव्हेंबर
पुण्याहून कीर्ती मॅडम आल्यात. नेमबाजांना वायरींची टोपी घालतात. ट्रिगर दाबायच्या आधी मेंदूत काय चालतं, ते कॉम्प्युटरवर रेघेत दिसतं. म्हणजे सुकन्याच्या मनातलं उद्या उघड! झोप नाही.

१३ नोव्हेंबर
तिनं नेम धरला तेव्हा मुद्दाम मागं उभा राहिलो. खोकलो. पुन्हा खोकलो. मग मॅडमना विचारलं, रेघ हलली का? म्हणाल्या, छे, उलट शांत झाली. मुरलेल्या खेळाडूच्या डोक्यातली बडबड शेवटच्या क्षणी बंद पडते, लक्ष फक्त त्या ठिपक्यावर.
माझ्या असण्यानं तिला शांती मिळते. सायन्सनं सिद्ध.

१४ नोव्हेंबर
गेलो नाही. तडफडू दे जरा.

१५ नोव्हेंबर
मॅडमना विचारलं, काल तिची रेघ कशी होती? तितकीच शांत, म्हणे. म्हणजे मी नसलो तरी असतोच.
मग टोपी मला. केसांना जेल लावून गेलो होतो, मॅडमनी धुवायला लावलं. नेम धरला. तिकडं सुकन्यानं पाण्याची बाटली उघडली. मॅडम म्हणाल्या, रेघ नुसती नाचतेय, वायर लूज आहे वाटतं. तपासली. घट्ट होती. छर्रा अमरेशच्या कागदावर. तोही बरोबर दहावर.

२० नोव्हेंबर
सिलेक्शन झालं. सुकन्या. अमरेश. मी नाही. सर म्हणाले, "आधी डोकं रिकामं कर की." घरी आई म्हणते, "तुज्या डोक्यात काय बी न्हाय." दोघांनी एकदा बसून ठरवावं.
बस परवा. सीट दोघांची.

२१ नोव्हेंबर
आज सांगायचंच ठरवून गेलो. तिनं पिस्तूल उचललं होतं. थांबवेना. मागं उभा राहून सगळं बोललो, त्या पहिल्या दिवसापासूनचं. शेवटी आवाज चढला. लेनमधली पोरं वळून बघायला लागली.
छर्रा सुटला. दहा.
तिनं पिस्तूल खाली ठेवलं, मागं वळली, दचकली. "अगं बाई, तू कवा आलास?"
आत्ताच, म्हटलं.
"दार उघडंच टाकलास व्हय? लाव की. वाऱ्यानं कागद हलतोय."
आतून की बाहेरून, आज प्रश्न पडला नाही. बाहेर आलो. दार लावलं.