पडद्याचं माप

मंगळवार, ३

हॉलवाल्याचा फोन. "ताई, आमचा पडदा जुना आहे, चौकोनी. तुमचं ते हल्लीचं लांबुळकं चालायचं नाही." म्हणजे सगळ्या स्लाइडचं माप बदला! सोळा-नऊचं चार-तीन करा. इतके दिवस खपून फोटो लावले आणि आता हे.

रविवारी बाबांचा सत्कार आहे. शिलाईचं दुकान बंद करतायत, म्हणून गल्लीतल्या दुकानदारांनी ठरवलं. पुढाकार शेजारच्या चष्मेवाल्या काकांचा. "ऑफिसात दिवसभर स्लाइडच करतेस की, जरा बापाच्याही कर." बरोबर आहे. दिवसभर तेच करते. हात चालतात, डोकं लागत नाही. सध्या मला असंच काम बरं.

दादा जाऊन वर्ष होईल. अपघात. मी अजून रडलेली नाही. आत्या म्हणाली होती, "पोरगी दगडाची आहे." असेन.

बुधवार, ४

ऑफिस. साहेबांनी स्वतःच्या स्लाइडचं माप स्वतःच बदलायला घेतलं आणि आपला फोटो आडवा ताणून ठेवला. तोंडाचा पार भोपळा! सगळे खाली मान घालून हसत होते. मीही हसले असेन. घरी आले, जेवले, झोपले.

गुरुवार, ५

बाबांना फोटो दाखवायला बसवलं. पहिल्या तीनांत नुसतं दुकान होतं, ते नीट बघितले. चौथ्यात दादा दिसला तसे उठले.

"याचा एकही नको. चार लोकांसमोर मला रडवायचंय का तुम्हाला?"

आई आतून — "मग काय, एकच लेकरू होतं म्हणून सांगायचं?"

"काही सांगू नका. नको म्हणजे नको."

आईनं पातेलं आपटलं. संपलं. या घरात त्याचं नाव निघत नाही. बाबांनी तर तो गेल्यापासून एकदाही घेतलेलं नाही. विषय निघाला की चष्मा पुसायला घेतात. काचा झिजायच्या एक दिवस.

मागून आई माझ्या खोलीत. "तो असला पाहिजे हं. मी सांगून ठेवते." म्हणजे माझी इकडे आड, तिकडे विहीर.

आणि वगळणार तरी कसा? माणसांचा एक फोटो त्याच्याशिवाय नाही. कॅमेरा त्याचाच. टायमर लावायचा, धावत यायचा, आणि टोकाला बाबांच्या शेजारी जागा असायची तिथे घुसायचा. "हलू नका रे!" म्हणायचा आणि स्वतःच हललेला असायचा. त्याला काढला तर सत्काराला उरतं काय — शिलाई मशीन आणि पाटी.

शुक्रवार, ६

लिहिण्यासारखं काही नाही.

शनिवार, ७

माप बदललं.

चार-तीन टाकलं की सॉफ्टवेअर विचारतं — सगळं आहे तेवढंच मोठं ठेवू, की मावेल असं लहान करू? लहान केलं तर वरखाली काळ्या पट्ट्या येतात, माणसं बारकी होतात, पण सगळी मावतात. मोठं ठेवलं तर दोन्ही कडा बाहेर. बराच वेळ बघत बसले. मग मोठं ठेवलं.

दादा गेला. सगळ्या स्लाइडमधून, एका टिचकीत. मी काही कापलं नाही! पडदाच अरुंद, त्याला मी काय करू? मी आपली नामानिराळी.

तसा तो आहे. काम करताना दिसतो, स्लाइडच्या हद्दीबाहेर, करड्या पट्टीत उभा. पडद्यावर तेवढा येणार नाही. बाबा शर्टाच्या शिवणीत असंच दोन बोटं कापड आत दुमडून ठेवतात. "उद्या अंग भरलं तर उसवता येतं. कापून टाकलेलं कुठून आणायचं?" नव्या कारागिरांना हेच सांगून सांगून पिडायचे.

काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं. चहा केला, तो गार झाला, ओतून दिला.

आईला सांगितलं.

"तूच केलंस ना?"

"पडद्यामुळे झालं."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं.

नंतर सगळ्या स्लाइड पुन्हा बघितल्या, तेव्हा एक चूक सापडली. नवी पाटी लावली त्या दिवशीचा फोटो. दादा बाहेर गेलाय, पण बाबांच्या खांद्यावर टाकलेला त्याचा हात आतच राहिलाय. मनगटापर्यंत. बिनमालकाचा हात! पुसता येईल, पाच मिनिटांचं काम आहे. उद्या सकाळी करते.

रविवार, ८

हात पुसायचा राहिला. राहिला की मी ठेवला, मलाच सांगता यायचं नाही.

काकांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, फोटो सुरू झाले. पाटीचा फोटो आला. पडद्यावर तो हात केवढा दिसला! बाबा मंचावरून मान वळवून बघतच राहिले. मी घाईनं पुढची स्लाइड दाबणार, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. माइक जवळ ओढला.

"बाकीचा आत दुमडलायस, की कापून टाकलास?"

"आहे, बाबा."

"मग उसव."

भरल्या हॉलसमोर जुनी, लांबुळकी फाइल उघडली आणि मावेल असं केलं. काळ्या पट्ट्या आल्या. आम्ही सगळे बारके झालो. आणि टोकाला दादा — हललेला, धापा टाकत, बाबांच्या खांद्यावर हात.

"हा माझा थोरला," बाबा म्हणाले, आणि त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, मधे स्वतःचं, शेवटी आडनाव.

मी एवढी रडले की पुढच्या स्लाइड चष्मेवाल्या काकांना लावाव्या लागल्या.