फुग्यांच्या स्टॉलपुढील गर्दीचा खुलासा आणि रविवारची सुट्टी

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
हिवाळी जत्रा मैदान, मालाड (पश्चिम), मुंबई.

विषय : स्टॉल क्र. १४ समोरील गर्दीचा खुलासा व रविवार, दि. १९ रोजी स्टॉल बंद ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपली दि. ९ जानेवारी २०२५ ची नोटीस.

महोदय,

अर्जदार धाकू काशीराम पेडणेकर, राहणार वाकोला, याचा सदर जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडण्याचा स्टॉल आहे. स्टॉलपुढील गर्दीने पाळण्याची वाट अडते, हे नोटिशीतील म्हणणे खरे आहे. मात्र ती गर्दी श्रीमती प्रेमा वालावलकर, वय ७४, यांच्यामुळे होते.

१) दि. २ रोजी सायंकाळी या बाई नातीसह आल्या. पहिला छर्रा हुकला. त्यांनी बंदूक डोळ्यासमोर धरून, "अहो, हिची माशी उजवीकडे वाकलीय," असे सर्वांदेखत सांगितले. नळीवरची नेम धरायची माशी वाकलेली होती, हे अर्जदार नाकारत नाही. नंतर बाईंनी तेवढाच नेम सरकवून अख्खी ओळ फोडली.

२) "बाई, कुणी शिकवलं तुम्हाला?" असे अर्जदाराने विचारले. त्या म्हणाल्या, "वाकोल्याच्या एका फुगेवाल्यानं. काशीराम पेडणेकर." अर्जदाराने स्वतःचे स्टूल त्यांना बसायला दिले, कारण काशीराम हे त्याचे वडील.

३) सन १९६६ मध्ये शाळकरी प्रेमाबाई अर्जदाराच्या वडिलांच्या स्टॉलवर रोज येऊ लागल्या. चौथ्या दिवशी वडिलांनी हात जोडले, "गो चेडवा, माझे फुगे सपले. आता तू खऱ्या बंदुकीकडे जा." आणि स्वतःच त्यांना रायफल क्लबात नेले. तिथे मुलींची सोय नव्हती. बाईंनी भावाची पँट घालून, गोणपाटावर पालथे पडून नेमबाजी केली. १९७१ साली त्या राज्यात पहिल्या आल्या. चषकावर 'उत्कृष्ट पुरुष नेमबाज' कोरले होते; त्यातला 'पुरुष' हा शब्द पंचांनी खिळ्याने खरवडून दिला. पुढे सलग तीन वर्षे त्याच पहिल्या. मग परदेशी काडतुसे मिळेनात, टेलिफोन खात्यात नोकरी लागली, आणि बंदूक सुटली ती या २ जानेवारीपर्यंत.

४) आता बाई रोज पाच वाजता येतात. पक्कड आणून त्यांनी चारही बंदुका सरळ केल्या. श्वास कसा रोखायचा, हे त्या येईल त्याला शिकवतात. परिणामी सगळ्यांचाच नेम लागतो. गोराईच्या कोळणी रिकाम्या टोपल्या ठेवून रांगेत उभ्या राहतात. परवा पाळणा माणसांसकट वर थांबला, तो बिघाडामुळे नव्हे. पाळणेवाल्याचा नंबर आला होता. आपले लिपिक श्री. प्रबुद्ध नोटीस घेऊन आले, त्यांनी आधी सात फुगे फोडले. म्हणून पोच उशिरा मिळाली.

५) अर्जदाराने बाईंना न विचारता त्यांचे नाव दि. १९ च्या ज्येष्ठांच्या नेमबाजी स्पर्धेत घातले. त्या संतापल्या. "मला विचारलंस का रे?" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर तपासून आल्या.

सबब विनंती की, रांग स्टॉलच्या मागील बाजूस वळविण्यास व दि. १९ रोजी स्टॉल बंद ठेवण्यास परवानगी द्यावी. पाळणेवाल्याचा अर्ज वेगळा येईल. श्री. प्रबुद्ध यांच्या रजेबाबत आपणच दयाळूपणे पाहावे. "कुणी बघायला येऊ नका, माझा नेम चुकेल," असे बाईंनी बजावले आहे. तरी आम्ही एकोणीस जण शेवटच्या रांगेत, तोंडातून अवाक्षर न काढता बसणार आहोत.

आपल्या होकाराकडे डोळे लावून,
धाकू काशीराम पेडणेकर
दि. १३ जानेवारी २०२५

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) वडील व प्रेमाबाई यांचा चषकासह फोटो, १९७१ (एकच आहे, परत मिळावा).