यादीतली बासरी

सानगडी,
ता. २९ डिसेंबर १९८५

प्रिय ईश्वर,

तुझं कार्ड जानेवारीत आलं होतं. उत्तर द्यायला डिसेंबर उजाडला, त्याबद्दल काय शिव्या द्यायच्या त्या दे. कार्डावर तुझं नाव नव्हतं, 'कसा आहेस' नव्हतं, माझ्या चौऱ्याऐंशीच्या यादीबद्दल एकच ओळ होती : 'पाचही ढोलाच्या. बासरी कुठं गेली?' पण तुझं ते शेपूट काढलेलं 'ठ' मी सातवीच्या वर्गापासून बघतो आहे, नाव कशाला पाहिजे? अडीच वर्षं अबोला धरलेल्या माणसाने एक ओळ का होईना लिहिली, म्हणून मी ते कार्ड मशीनच्या पेटीत ठेवलं. तुझी वहिनी कुंता म्हणाली, आता तरी त्याले उत्तर लिहा. मी लिहायला बसायचो आणि उठायचो. आज मात्र उठणार नाही.

दर डिसेंबरची आपली यादी ठरलेली, तू गावाबाहेर गेल्यावर आणि अबोल्यातही मी ती पोस्टाने पाठवत राहिलो. एकाहत्तर साली मी रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणि लाऊडस्पीकरचे दोन पोंगे घेतले, तेव्हापासून तू वरठीला नोकरीला जाईपर्यंत आठ सिझन आपण दोघांनी मांडवामांडवांत काढले. लोक जेवायला लग्नात जात, आपण नवी रेकॉर्ड वाजवायला. रेकॉर्डांना आपण नावाने ओळखलंच नाही. पिवळी, मोरवाली, फाटक्या कोपऱ्याची. वर्षातल्या पाच निवडायच्या, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय यादीत घ्यायची नाही, आणि प्रत्येकीतली सगळ्यात गोड जागा कोणती ते लिहायचं. मोरवालीच्या पायी आपण साकोलीच्या स्टँडवर भांडत बसलो आणि समोरून शेवटची बस निघून गेली, आठवते? तू म्हणत होतास ती दुसऱ्या नंबरची, मी म्हणत होतो पहिली. बासरी अगदी बारीक होत जाते, संपली असं वाटतं, आणि मग पुन्हा येते, त्या एका जागेसाठी मी चौदा किलोमीटर पायी आलो. तूही आलास, पण 'दुसरी' म्हणतच आलास. मोठा जिद्दी माणूस गा तू!

आता यंदाची यादी. पहिली, तांबड्या कव्हरची, खडी गंमतीचा तमाशा करणाऱ्या एका मंडळाची. मंडईच्या जत्रेत लावली तर जिलेबीवाल्या गोमाजीचा हात कढईवर तसाच थांबला आणि एक घाणा जळला. दुसरी कॅसेट आहे. हो, कॅसेट, नाक मुरडू नको, आता लोकांना कॅसेटचंच वेड लागलं आहे. भीमगीतांची आहे. चौदा एप्रिलला आपल्या मंगरूच्या मोहल्ल्यात लावली, तेव्हा त्याची म्हातारी आई मालनबाई काठी टेकत पोंग्याखाली येऊन उभी राहिली आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत हलली नाही. तिसरी, भजनांची, पांढऱ्या कव्हरची. तिच्यावर धानाच्या रोवण्यातल्या बाया चिखलात एका ठेक्यात वाकतात, आणि गाणं संपलं की बांधीवरून माझ्याकडे हात करतात, पुन्हा लावा म्हणून.

तू म्हणशील, तुल्या, कोणाचा घाणा जळला ते लिहितोस, गाणं कसं आहे ते काहून लिहीत नाहीस? गोड जागा कुठे आहेत? तिथेच येतो.

ब्याऐंशीचा मे, उषाचं लग्न. तुझी धाकटी बहीण म्हणजे माझीच. अक्षतांच्या आदल्या दिवसापासून मी पोंगे बांधत होतो. मांडवात लाईट नव्हती, म्हणून मशीन समोरच्या घरी, यादोरावच्या सपरीत, ओसरीवर मांडलं. त्याच सकाळी भंडाऱ्याहून नवी आणलेली निळी रेकॉर्ड लावली होती. माईक आणि रेकॉर्ड एकाच मशीनवर. रेकॉर्ड थांबल्याशिवाय मंगलाष्टकं सुरू होणार नाहीत. गोरज मुहूर्त, सूर्य बांबूच्या रांजीमागे गेलेला. तुझ्या काकांनी दुपट्टा हलवला म्हणे, मला वऱ्हाड्यांच्या गर्दीत दिसला नाही. पोरांनी हाका मारल्या. मग तू स्वतः धावत आलास, माझ्या उजव्या खांद्यापाशी उभा राहून तीनदा ओरडलास, आणि मी निळीचं कव्हर हातात धरून मान हलवत बसलेला. शेवटी तू सुई खसकन ओढलीस, तेव्हा मी वर पाहिलं. मुहूर्त टळला होता. वरबाप मांडवातून उठला. तुझ्या बाबांनी डोक्यावरची टोपी काढून त्याच्या पायांवर ठेवली, तेव्हा कुठे तो बसला. सगळ्या गावासमोर.

उषा सुखात आहे, मागच्या महिन्यात साकोलीच्या बाजारात भेटली, दोन्ही पोरं गुटगुटीत आहेत. पण बाबा पुढच्या वर्षी गेले, आणि त्या टोपीचं दुःख घेऊन गेले, हे मला माहीत आहे. गाव म्हणालं, तुल्याले गाण्याचं येड, त्याले मुहूर्ताचं काय! तूही तेच म्हणालास. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. ईश्वर, मी गाण्यात रमलो नव्हतो. मला तुझी हाक ऐकू आली नाही.

उजवा कान तेव्हाच गेला होता. अकरा सिझन पोंग्याच्या तोंडाशी बसायचं, पोंग्याने कर्कश शिटी मारली की तो फिरवायचा, भर आवाजात वायर जोडायची, त्याचं हे फळ, असं भंडाऱ्याचा डॉक्टर म्हणाला. आधी बारीक आवाज जातात. बासरी गेली, मग बायकांचा वरचा सूर, मग सपरीवरच्या चिमण्या. ढोल मात्र राहिला, तो छातीत वाजतो. म्हणून त्र्याऐंशीच्या यादीत एकच बासरीवाली होती, तीही मी कव्हर बघून लिहिली. चौऱ्याऐंशीत ते खोटं लिहिणंही जिवावर आलं. तू रागावलेला असूनही दोन्ही याद्या समोरासमोर धरून वाचल्यास, हे तुझ्या त्या एका ओळीतून कळलं, आणि मी मशीनच्या पेटीवर डोकं ठेवून रडलो.

तुला का सांगितलं नाही? भ्यालो. बहिऱ्या पोंगेवाल्याला कोण बोलावणार? आणि त्याहून मोठी भीती शकुनची. पोरगी लग्नाची झालेली, आणि आपल्याकडचे लोक कसे, बाप बहिरा तर पोरीच्या पोटीही बहिरंच निपजणार, असं धरून चालणारे. म्हणून कुंता, शकुन आणि मी, तिघांनी तोंडाला कुलूप लावलं. मांडवात शकुन माझ्या डाव्या बाजूला बसायची, आणि मुहूर्त जवळ आला की माझा सदरा ओढायची. तुझ्या बाबांच्या टोपीपेक्षा मी माझ्या पोरीचं लग्न मोठं मानलं. हा माझा गुन्हा, आणि त्याला दुसरं नाव मी देत नाही.

पण दिवाळीनंतर लाखनीचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर आहे. साक्षगंधाच्या आधी मी त्याच्या वडिलांना, पुंडलिकरावांना, बाजूला नेलं आणि सगळं सांगून टाकलं. उषाच्या लग्नाचंही. एक मुहूर्त लपवून घालवला, दुसरा तसा घालवायचा नव्हता. पुंडलिकरावांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग मोठ्याने, मला ऐकू येईल असं म्हणाले, आमाले पोरगी नेयाची हाये, तुमचा पोंगा नाई. साक्षगंध झालं, लग्न पक्कं ठरलं. ज्या भीतीपायी मी तुला गमावलं, ती सुपारीच्या एका खांडाएवढी निघाली.

तर पत्र लिहिण्याचं कारण हे. शकुनचं लग्न वैशाखात आहे, पुन्हा गोरज मुहूर्तच निघाला. त्या दिवशी मी वधूपिता, मशीनवर बसू शकत नाही, आणि शकुन बोहल्यावर असणार, माझा सदरा ओढायला कोणी नाही. तू येऊन मशीनवर बस. यादीतल्या चौथ्या आणि पाचव्या जागा मी रिकाम्या ठेवल्या आहेत, त्या तू भर. बासरीवाल्या असल्या तरी चालतील, मी तुझ्या तोंडाकडे बघून समजून घेईन. आणि शेवटी ती निळी लाव. त्या दिवसानंतर मी ती एकदाही लावलेली नाही. तू सुई ओढलीस तेव्हा दुसऱ्या बाजूवर ओरखडा उठला आहे, तिथे आली की सुई पुढे सरकणार नाही, तेच तेच फिरत राहील. मला ते कळायचं नाही. भटजींनी हात वर केला की सुई तूच उचल गा.

तुझाच,
तुलाराम