कुंपणातून जाऊ नये

प्रिय चष्मेवाल्या,

ही पदवी मी दिलेली नाही, आमच्या आईने दिली. त्या दिवशी बसमध्ये तू तिला खिडकीची जागा दिलीस आणि तिने तुला हे नाव दिलं. आता घरात तुझं खरं नाव कुणी घेत नाही. लेक तेवढी घ्यायची, पण ती सध्या कुणाशीच बोलत नाही, त्यामुळे तेही बंद आहे. सहलीत दिवसभर तुला 'अहो, तुम्ही' करणारा माणूस पत्रात एकदम 'तू'वर आला म्हणून बिचकू नकोस. कारण शेवटी सांगतो.

तुझा निरोप लेकीने पोहोचवला, तेवढं बोलून तोंड मिटलं ते मिटलंच. बाबांचं उत्तर मला कळलं, आता त्यांच्यासमोर यायला मला तोंड नाही, असा तो निरोप. मी चक्रावून गेलो. तुमच्या लग्नाबद्दल माझं काय ते मी त्या दिवशी, फिरून झाल्यावर चहाच्या टेबलावर सांगणार होतो. चहा आला तेव्हा तू बस पकडून निघून गेला होतास. मग मी न दिलेलं उत्तर तुला कळलं कसं? बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्ही दिवसभरात त्याच्याशी बोललात किती? तो पोरगा डोळे तपासतो, मनं तपासत नाही." तिचं बरोबर असेल. पण मला वाटतं, खरी गोष्ट वेगळी आहे. त्या भूलभुलैयात आपण सगळे एकत्र गेलो, पण जे घडलं ते घडताना तू कुंपणाच्या एका बाजूला होतास आणि मी दुसऱ्या. तुझ्या बाजूचं तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूचं तुला कुणी सांगितलेलंच नाही.

ती जागा मीच निवडली होती. सरळ एखाद्या तळ्याकाठी गेलो असतो तर एवढं रामायण झालं नसतं, असं बायको रोज ऐकवते. पण मला तुला माझं काम दाखवायचं होतं. ज्याच्या घरात मुलगी जायची, त्याने तिचा बाप काय करतो हे बघावं, एवढाच हेतू. त्या बागेचा मालक आधी रोपं विकायचा. एका वर्षी झुडपांची रोपं कुणी घेतली नाहीत, ती जागच्या जागी डोक्याच्या वर वाढली. तेव्हा याने त्यांच्यात वाकड्यातिकड्या वाटा कापल्या आणि लोकांना हरवण्यासाठी आत सोडायला सुरुवात केली. तिकीट काढून हरवायला माणसं रांग लावतात, याचं मला अजून नवल वाटतं. आम्ही लहानपणी फुकट हरवायचो आणि घरी आल्यावर मार खायचो.

तिथल्या सगळ्या पाट्या माझ्या हातच्या. गावच्या शाळेत गुरुजींनी माझं अक्षर पाहून फळ्यावर सुविचार लिहायचं काम मला दिलं. हा गणितात काही उजेड पाडणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. तेव्हापासून मी लिहितोच आहे. दवाखाना इकडे, शाळा तिकडे, गाड्या उभ्या करू नयेत. अक्षरं एका ओळीत यावीत म्हणून खडू लावलेली दोरी फळीवर ताणून धरावी लागते. एक टोक मी खिळ्याला बांधतो, दुसरं लेक धरते. तिला नीट उभं राहता येत नव्हतं तेव्हापासून धरते. तिचा हात कधी हललेला नाही. तुझ्याबद्दल घरात पहिल्यांदा बोलली त्या दिवशी तेवढा हलला, आणि दुकानदाराच्या पाटीवरचं 'किराणा' थोडं चढावर गेलं. दुकानदाराच्या अजून लक्षात आलेलं नाही.

फाटकाजवळच्या लाल पाटीसमोर मी तुला मुद्दाम उभं केलं. कुंपणातून जाऊ नये. मालकाला 'सक्त मनाई' हवी होती. मी म्हटलं, झुडपाला जपा एवढं सांगायचं, त्यासाठी माणसाच्या अंगावर कशाला ओरडायचं? तू ती पाटी वाचलीस, मग एक डोळा झाकलास, मग मागे मागे सरकत फुलांच्या वाफ्यात गेलास आणि तिथून म्हणालास, "इथूनही स्वच्छ वाचता येतंय." बायको माझ्या कानात म्हणाली, हा तुम्हाला लोणी लावतोय. मला तसं वाटलं नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावणारा माणूस अक्षराबद्दल खोटं कशाला बोलेल? मी त्यावर फक्त 'हं' म्हणालो, ही माझी चूक. माझं 'हं' म्हणजे काय, हे कळायला बायकोलाही बरीच वर्षं लागली.

आत गेल्यावर आपली फाटाफूट झाली. तू आणि लेक पुढे गेलात, आम्ही दोघं मागे राहिलो आणि पहिल्याच वळणाला हरवलो. आत एकही पाटी नाही. मी मालकाला पूर्वी म्हटलं होतं, दोनचार बाण काढून देतो. तो म्हणाला, मग लोक बाहेर पडतील. बायको माझ्यामागून चालत होती आणि म्हणत होती, "जन्मभर लोकांना वाट दाखवलीत, आता एखादा बाण स्वतःसाठी काढा." त्यात तो मचाणावरचा राखणदार भोंग्यातून ओरडायचा, "टोपीवाले काका, उजवीकडे." मी उजवीकडे वळलो की भिंत. त्याचं तोंड माझ्याकडे होतं, त्यामुळे त्याची उजवी बाजू ती माझी डावी, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो मला बहिरा समजला आणि मी त्याला थट्टेखोर.

आता आईचं. तिला आपण बाहेर बाकावर बसवलं होतं, डबा आणि छत्री सांभाळायला. बाकावर ऊन आलं. समोर बाहेर पडायच्या वाटेवर सावली दिसली, म्हणून ती उठून तिथून आत शिरली. तिथे ढळढळीत पाटी आहे, इथून प्रवेश नाही. तिला नंतर विचारलं, तू वाचली नाहीस का? म्हणाली, "वाचली की. पण ती तूच लिहिलीस ना? तुझं मी कधी ऐकलंय?" सावलीत ती खाली बसली, डबा उघडून एक केळं खाल्लं, आणि उठायला गेली तर गुडघा अडकला.

तिची हाक मी ओळखली. आधी तिने मला हाक मारली, मग सुनेला, मग नातीला. मग देवाला. देव आमच्या घरात चौथ्या क्रमांकावर आहे हे मला तेव्हा कळलं. हाक अगदी भिंतीपलीकडून यायची आणि वाट मला भलतीकडेच न्यायची. मी धावत होतो. वरून राखणदार भोंग्यातून म्हणाला, "आजीबाई, घाबरू नका, तुम्ही अगदी जवळ आहात." त्यावर आईचा आवाज आला, "कशाच्या जवळ, ते सांग की मेल्या." मला त्याही वेळी बरं वाटलं. जी भांडते आहे ती ठीक असणार. पण मग तिचा आवाज बारीक झाला. हाका थांबल्या. आणि त्या हिरव्या बोळात मी उभा राहिलो, पाय कुठे टाकावा ते कळेना. माझ्या हाताच्या अंतरावर झुडूप होतं. ते मोडून जावं, हे माझ्या मनातही आलं नाही. ज्याने 'जाऊ नये' असं लिहिलं, तो कसा जाणार? मी वाट शोधत राहिलो.

तेवढ्यात पलीकडे तिने शेवटची हाक मारली, ती तुला. "अरे चष्मेवाल्या," एवढीच. मग काटक्या मोडल्याचा आवाज, मग आईची किंकाळी, मग छत्रीचे फटके. ते फटके ऐकून मी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती. आई आता सांगते, जमिनीलगत झुडपातून एक केसाळ डोकं बाहेर आलं, डोळे बारीक, तोंडावर पाला, तिला वाटलं जनावर आहे. ओळखीची खूण म्हणजे तुझा चष्मा, आणि तोच झुडपात अडकून पडलेला. ती म्हणते, "मार खाऊनही तो 'आजी, आजी'च म्हणत होता, तेव्हा समजलं की माणूस आहे." पुढे तू तिचा गुडघा चोळत बसलास आणि तिने तुला त्या गुडघ्याची हकिगत सांगितली. ही हकिगत ती एका विहिरीपासून सुरू करते. घरात आजवर कुणी ती शेवटपर्यंत ऐकलेली नाही. माझी मजल बैल येतो तिथपर्यंत. तू सगळी ऐकलीस म्हणे. शेवटी काय होतं, हे आम्ही तिला आता विचारतो तर ती म्हणते, "चष्मेवाल्याला विचारा."

आम्ही पोहोचलो तेव्हा लेक अजून आतच वाट शोधत होती, तू पाठीने झुडूप रेटून धरलं होतंस आणि आई त्या भगदाडातून छत्री टेकत बाहेर येत होती, जशी काही ती वाट तिच्यासाठीच सोडली होती. मालक धावत आला. हे झुडूप वाढायला किती वर्षं लागली माहीत आहे का, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, माझ्या गुडघ्याला त्याहून जास्त लागली. तू मात्र त्याला म्हणालास, "पाटी मी वाचली होती. तरी केलं. चूक माझी." आणि हे म्हणताना तुझं तोंड माझ्याकडे होतं. तुझ्या कपाळावर टेंगूळ, कानामागे डहाळी, गालावर ओरखडा. तेव्हा मी अगदी तुझ्या पुढ्यात पाठ फिरवली. तुला जे उत्तर कळलं ते हेच असणार, असं आता मला वाटतं.

म्हणून ती पाठ का फिरवली ते सांगतो. देवाकडे मी सहसा काही मागत नाही, पण मिळालं की आभार मानायचे राहू देत नाही. ते लोकांसमोर मला जमत नाही, तोंड बाजूला करून करतो. आई सापडली होती, ते एक. आणि दुसरं, माझ्या लेकीने कुणाला आणलंय ते मला कळलं होतं. त्या दोन्हींबद्दल आभार मी त्या झुडपाकडे तोंड करून मानत होतो. शिवाय, खरं सांगतो, ती कानामागची डहाळी बघून मला हसू आवरत नव्हतं. देवाचे आभार आणि हसू एकाच वेळी आलं की माणसाने भिंतीकडे तोंड करावं, हे बरं.

वळून बघतो तर तू नाहीस. फाटकाशी आलो तेव्हा तू बसमध्ये चढत होतास. मी हात वर केला, हाक मारली, बायकोने खाऊची पिशवी हलवली, आईने छत्री हलवली. तू आमच्याकडे बघितलंस आणि आत जाऊन बसलास. मला राग आला. म्हटलं, एवढा ताठा? नंतर चष्मा शोधायला मी स्वतः त्या कुंपणात कोपरापर्यंत हात घातला, मालकाच्या देखत, माझ्याच पाटीच्या विरुद्ध. चष्मा मिळाला. तो न्यायला तू येशील म्हणून कपाटावर ठेवला. तू आला नाहीस, निरोप आला. काल सहज तो डोळ्यांवर चढवला तर भिंत माझ्या अंगावर आली. जेवत असलेली लेक तेव्हा, त्या निरोपानंतर पहिल्यांदा, बोलली. म्हणाली, "बाबा, त्याशिवाय त्याला हाताभरापलीकडचं काही दिसत नाही. त्या दिवशी बसही उलट दिशेची पकडली होती त्याने." एवढं बोलून ती उठून गेली, पण माझं काम झालं. तू आम्हाला बघितलंच नव्हतंस. ती छत्री तुला दिसली असेल तर तू पुन्हा मारायला उगारली असंच समजला असशील.

आता हे पत्र कशासाठी ते. मालक काल घरी आला होता. मला वाटलं, झुडपाबद्दल बोलायला आला. तो म्हणाला, लोक आता ते भगदाड बघायलाच येतात, आजी कुठून निघाली ते दाखवा म्हणतात, तेव्हा ते बुजवणार नाही, फक्त पाटीचं काय करायचं ते सांगा. आई आतून म्हणाली, पाटी राहू दे, खाली एक ओळ वाढव. ओळ तिनेच सांगितली. येत्या रविवारी सकाळी मी ती लिहायला जाणार आहे. 'कुंपणातून जाऊ नये' याच्या खाली, त्याच लाल रंगात, 'आजी अडकली असल्यास जावे.' अक्षर किती मोठं ठेवू म्हणजे वाफ्यातून वाचता येईल, हे तू सांगायला ये. तुझा चष्मा माझ्या खिशात असेल, तोपर्यंत दुकानातला दुसरा लावून ये आणि बस कुठल्या दिशेची आहे ते विचारून बस. 'तू' म्हणण्याचं कारण सांगायचं राहिलं. एकदा जावई झालास की मला पुन्हा 'अहो'च म्हणावं लागेल, म्हणून मधल्या दिवसांत म्हणून घेतोय. लेकीला मी अजून काही सांगितलेलं नाही. रविवारी काम आहे, दोरी धरायला चल, एवढंच म्हणालो. एक टोक तिच्याकडे असेल. खिळा मी घरीच ठेवून येतोय.

तुझाच,
तिचा बाबा