टोपली रिकामी आहे

५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मंगळवारचे भाजीचे खोके पोचले असतील. कंटाळले रे मी. काकडी एक दिवस तोडली नाही की हातभर होते, म्हणून सकाळ-संध्याकाळ मी वेलांत वाकलेली आणि तिकडे टोमॅटो पिकून फुटतायत. हंगामाची वर्गणी आधी भरणाऱ्या घरांच्या जिवावर हे शेत चाललंय. त्यांना नुसती काकडी गेली तर पुढच्या वर्षी कोण नाव देईल?

पण तू दर आठवड्याला कळवतोस की तुझ्या व्हरांड्यातली अदलाबदलीची टोपली, जिच्यात नको ती भाजी ठेवून लोक दुसरी नेतात ती, रिकामी आहे, काकडी कुणी टाकून जात नाही. लोकांना एवढी आवडते तर मी कोण नको म्हणणारी? आणखी दोन ओळी पेरल्या. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

९ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तुझी वहिनी हसत सुटली. का, ते विचारू नकोस. टोपली याही वेळी रिकामी. दोन ओळी जरा जास्त होत नाहीत का? बघ बाई, शेती तुझी, मी आपला खोके वाटणारा. आमची प्रकृती ठीक, पोट तेवढं गार पडलंय.

तुझा,
दादा

२० मे

दादा,

नमस्कार वगैरे नंतर. काल वर्गणीदार तोडणीला आले होते. काकडीची पाटी बघून शिंपीणबाई म्हणाल्या, आता नका हो पाठवू, टोपलीत ढीग पडतो, तुमचे भाऊ उचलून आत नेतात तेव्हा कुठे ती रिकामी होते. तोंडात मारल्यासारखी उभी राहिले मी.

टोपलीत काय उरतं त्यावर मी काय पेरायचं ते ठरवते, हे तुला माहीत नव्हतं? तुझ्या शब्दावर टोमॅटो सडू दिले. निम्मी घरं पुढच्या वर्षी नको म्हणतायत. माझी कीव करायला तुला सांगितलं कुणी? आज सगळे वेल उपटले, नव्या ओळींसकट.

लोभ तूर्त माझ्यापाशीच ठेवते.

धाकटी

२८ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ., घ्यावेसे वाटले तर.

गेल्या वर्षी मुळ्यांनी भरलेली टोपली बघून तू आमच्या पायरीवर बसून रडलीस, ते मला बघवलं नव्हतं. म्हणून काकडी आत नेत गेलो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. वहिनीने बजावलं होतं, पण ऐकतो कोण.

आता या मंगळवारचं खरं सांगतो. टोमॅटो एकही उरला नाही. शेंगा मात्र ढीगभर उरल्या, जून झाल्यात, नुसत्या सुतळ्या. बेकरीवाल्याने पुढच्या वर्षाला नाही म्हटलं. शिंपीणबाईंचं अजून ठरत नाही, टोमॅटो हुंगत उभ्या होत्या.

हे लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. टोपली तशीच बाहेर आहे, एक शेंग आत आणलेली नाही. रडायचं असेल तर ये. पायरी तुझीच आहे.

तुझा,
दादा